फुलावरची मुसळी

नांदुऱ्याच्या धान्यबाजारातलं जुनं गोदाम पांढरं रंगवून गजेंद्रने तिथे आर्ट गॅलरी काढली होती. श्रावणात तिथे जयमालाचं प्रदर्शन लागलं. सातपुड्यातल्या कोरकू पाड्यावरच्या या बाईने जंगलातली औषधं अशी रंगवली होती की बघणारा हलत नव्हता. सगळ्यांत मोठं चित्र सफेद मुसळीचं. वर पांढऱ्या फुलांचा तुरा, खाली मुळांचा झुबका, मागे नाल्याकाठचा उतार.

पाड्यावर औषध देणारी तिची सासू, गोजरबाई, त्या चित्रासमोर येऊन थांबली. घरात कोरकू बोलणारी म्हातारी इथे मुद्दाम वऱ्हाडीत बोलली. चारचौघांत सुनेची शोभा करायची होती ना.

"काढ थे खाली. फुलबी दाखून राह्यली अन् जागाबी?"

मुसळी खणायची ती पानं सुकून पुढच्या सालासाठी बी गळल्यावर. तेव्हा वर काहीच दिसत नाही. जागा ज्याच्या ध्यानात, त्यालाच ती सापडते. तेवढ्यावरच तो उतार आजवर वाचला होता. आता फूल ओळखून कुणीही तो साफ करू शकत होता. जयमालाला हे कळत होतं, पण तिला ऐकायचंच नव्हतं. लग्नापासून तिने या बाईमागे टोपली वाहिली, आणि बाईने एकाही मुळीचं नाव तोंडाने सांगितलं नाही. जे शिकली ते चोरून बघून. तो राग आत कुजत पडला होता.

"तुमी मेल्यावर हे कोणाले ठाऊक राहीन, आत्याबाई? मातीले?"

गोजरबाई म्हणाली, माती तुह्यापेक्षा इमानदार आहे. गजेंद्र मध्ये पडला, मागचा उतार तेवढा पुसू म्हणाला. जयमालाने त्यालाही झिडकारलं. इतक्यात जडीबुटीच्या एका व्यापाऱ्याने मोबाइलवर चित्राचा फोटो घेतला आणि नाला कोणता म्हणून विचारलं. सासूच्या डोळ्यांत डोळे घालून जयमालाने नाल्याचं नाव सांगितलं.

गोजरबाई निघून गेली. आठवडाभरात ती परत आली, डोक्यावर पोतं घेऊन. चित्राखालच्या स्वच्छ फरशीवर तिने ते उलटं केलं. काडीसारखी कोवळी मुळं, वर फुलं तशीच. या दिवसांत त्या उताराला कुणाची कुदळ लागू न देणाऱ्या बाईने अख्खा उतार स्वतः खणला होता.

"तुहा व्यापारी काल आलता. त्याले काई भेटलं नाई."

ती गेली. जयमाला त्या ढिगाशी खाली बसली आणि एकेक तुरा उलटून बघू लागली. एकालाही अजून बी धरलं नव्हतं.