एका दावणीचे बैल

आमच्या गावच्या जत्रेत बैलांकडून दगड ओढायची शर्यत व्हायची, आणि दगड एकदा ओढून झाला की मग गाव नियमांवर तुटून पडायचं. सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेनं निघालं की बोरी नदीच्या अलीकडे आमचं गाव. अर्धं गाव मराठीत भांडायचं, अर्धं कानडीत आणि शर्यतीच्या दिवशी सगळेच दोन्ही भाषांत.

दगड म्हणजे काळ्या पाषाणाची एक लांबट शिळा. तिला साखळी बांधायची, साखळी बैलांच्या जुवाला. पाटील पितळी ताटलीत कापराची मोठी वडी पेटवायचे, आणि ती विझेपर्यंत जोडी शिळा जिथवर नेईल तिथे खूण करायचे. कापूर आपणहून विझला की वाऱ्यानं, यावरून एकदा डोकी फुटली होती. तेव्हापासून ताटलीवर टोपली धरायला आमच्या आणि बोरीपलीकडच्या, अशा दोन्ही गावांचा एकेक माणूस उभा राहायचा आणि ते दोघे एकमेकांकडे चोरासारखे बघत राहायचे. बैलाला पराणी टोचायची नाही, साखळीला हात लावायचा नाही आणि जोडी एका दावणीची पाहिजे, असे तीन नियम. तिसरा नियम जुन्या लोकांनी विचार करून घातला होता. नाहीतर एखादा पैसेवाला दहा गावं फिरून इथला एक, तिथला एक असे बैल आणील आणि जिंकून जाईल. एका घरचे, एका गोठ्यात बांधलेले बैल जिंकले तरच त्यात मजा.

चनमल्लप्पा आणि सिद्धप्पा हे सख्खे भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्या चनमल्लप्पानंच धाकट्याला वाढवलं. त्याची बायको सुंदरम्मा पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही राहिलं नाही, आणि त्यानं पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. म्हणजे त्याचं असं जे काही होतं ते सिद्धप्पाच. माणूस सरळ, इतका सरळ की लोकांना त्याच्याशी बोलायचा कंटाळा यायचा. खोटं बोलायचा नाही ते चांगलंच, पण खरं कुठे गिळावं हे त्याला कधी कळलं नाही. सिद्धप्पाचे सासरे आणि मेव्हणे जेवायला बसले असताना यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की बैलाच्या पाठीवरचा वळ सिद्धप्पानं रागाच्या भरात उठवलाय. खरंच होतं ते. पण सिद्धप्पा पानावरून उठला तो उठलाच, आणि पुढच्या पाडव्याला वाटणी झाली.

जमीन अर्धी, भांडी अर्धी आणि जोडीतला एकेक बैल. माणक्या थोरल्याकडे राहिला, गब्ब्या धाकट्याकडे गेला. सिद्धप्पा बायकोला, निंगव्वाला, घेऊन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहू लागला. माणक्या जन्मभर डाव्या बाजूला जुंपलेला. एकटा पाण्यावर निघाला तरी तो वाटेच्या डाव्या कडेनं चालायचा आणि उजवीकडे एका बैलाची जागा सोडायचा. चनमल्लप्पाचं तरी दुसरं काय चाललं होतं? काम करता करता तो "तम्मा" अशी हाक मारायचा. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. हाक तोंडातून गेली की ओशाळायचा आणि उगीच माणक्याशी काहीतरी बोलायचा. रात्री दाराला कडी घालायचा नाही. पारावर येऊन बसायचा, बसून उठून जायचा. गावानं त्याला कधी टाळलं नाही, पण त्याची वाटही कुणी बघत नसे. मला विचाराल तर टाळलेलं परवडलं.

सोलापुरातला मार्शल लॉ उठून दोन वर्षं झाली, त्या सालची ही गोष्ट. त्याआधी लागोपाठ दोन जत्रांत बोरीपलीकडच्या बिरप्पा धनगरानं चांदीचं कडं आणि मानाचा पटका नेला होता. आमच्या गावाला ते फार झोंबलं. पारावर ठरलं, की माणक्या आणि गब्ब्या पुन्हा एकत्र जुंपायचे. नियमाचं काय, असं कुणीतरी विचारलं.

"त्यांना कुटं ठावं हाय वाटणी झालीया ते?" पारावरचे म्हणाले, आणि नियमाचा विषय संपला. आमचं गाव असं होतं, त्यात लपवायचं काय?

चनमल्लप्पा मात्र पाटलांकडे गेला. पाटील दोन्ही गावांचे पंच, आणि पंच असले तरी ह्याच गावचे.

"कुणी हरकत घेतली तर इचारू," पाटील म्हणाले. "न घेतली तर कशाला?"

एरवी हे ऐकून चनमल्लप्पानं तिथेच चार शब्द सुनावले असते. या खेपेला तो गप्प घरी आला. शर्यत असली तर सराव असणार, आणि सराव असला तर सिद्धप्पा रोज त्याच्या शेतावर येणार. एवढ्यासाठी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा एक खरी गोष्ट न बोलता ठेवली.

सिद्धप्पा आला. रोज सकाळी गब्ब्याला घेऊन यायचा, उजवीकडे जुंपायचा आणि बोलायचं ते बैलाशीच बोलायचा. पण बैल मात्र पहिल्याच दिवशी एकमेकांची मान चाटत उभे राहिले, ते बघून दोघंही भाऊ हसले आणि लगेच दुसरीकडे बघू लागले. तिसऱ्या चौथ्या दिवशी सिद्धप्पानं "अण्णा, साखळी जरा आखूड घे" असं म्हटलं. चनमल्लप्पा दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होता. आपण काय बोलायचं तेही त्यानं ठरवलं होतं. 'तम्मा, घरी चल.' एवढंच. शर्यत जिंकली, लोकांनी खांद्यावर घेतलं, की त्या गडबडीत म्हणून टाकायचं. नुसतं समोरासमोर म्हणायची त्याची छाती होत नव्हती.

जत्रेच्या दिवशी आधी बिरप्पाची जोडी जुंपली. देखणे बैल, आणि त्यांना हाकणारा बिरप्पाही देखणा. एकदाही आवाज न चढवता त्यानं शिळा देवळाच्या दीपमाळेपर्यंत नेली. मग आमची जोडी. कापूर पेटला, दोघं भाऊ दोन बाजूंना झाले, आणि माणक्या-गब्ब्यांनी एकदम मान खाली घातली. शिळा हलली आणि पुन्हा थांबलीच नाही. दीपमाळ मागे पडली तेव्हा टोपलीखाली कापूर अजून धडधडत होता. गावानं गुलाल उधळला. चनमल्लप्पानं गुलालातून भावाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात बिरप्पाचा मामा, मायाप्पा, ओरडला, "जोडी एका दावणीची न्हाय! म्या ऐकलंय, भाऊ वेगळं झाल्यात!"

झालं. दोन्ही गावं एकमेकांच्या अंगावर. बिरप्पाच मध्ये पडला.

"ऱ्हाऊ द्या की, मामा. दगड बैलांनी वढलाय, आमच्या म्होरं वढलाय. आमी हरलो."

"तुज्यासाठी न्हाय, नियमासाठी बोलतोय," मायाप्पा म्हणाला. आणि तेही बरोबर होतं.

पाटलांनी देवळातून सिद्धेश्वराची विभूती मागवली. "दोगा भावांनी विभूती हातात घ्यावी आणि सांगावं. म्हणतील ते खरं." असं म्हणून त्यांनी आमच्या लोकांकडे असं पाहिलं, की सगळे निर्धास्त झाले. एका शब्दाचं तर काम होतं.

सिद्धप्पा पुढे झाला. विभूती मुठीत घेऊन खणखणीत आवाजात म्हणाला, "आमी एकच हाव. एका दावणीचे. अण्णाचं ते माजं, माजं ते अण्णाचं."

हे शब्द ऐकायला चनमल्लप्पा दोन वर्षं झुरला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच मनात आलं, की हे आत्ता का? चांदीच्या कड्यासाठी. इतके दिवस घराकडे फिरकला नाही, आणि कडं दिसलं तसा अण्णा आठवला, तेही देवाची विभूती हातात घेऊन. त्यानं भावाकडे पाहिलं. सिद्धप्पा त्याच्याकडेच बघत होता, हसत होता. चनमल्लप्पाला ते हसू सहन झालं नाही.

त्यानं विभूती घेतली. "न्हाय," तो म्हणाला. "आमी वेगळं हाव. वाटणी झालीया, दावणी दोन हायती. माजा भाऊ खोटं बोलला."

बाजाच्या पोरांनीसुद्धा वाजवायचं थांबवलं. सिद्धप्पानं मूठ उघडली, विभूती देवळाच्या पायरीवर नीट ठेवली, गब्ब्याला जुवातून सोडलं आणि गर्दीतून चालता झाला.

कडं आणि पटका बिरप्पाला मिळाला. त्यानं तो पटका आणून चनमल्लप्पाच्या खांद्यावर टाकला. "बैल तुमचंच जिंकलं, काका," म्हणाला. त्या दिवशी चनमल्लप्पाशी बोललेला तो एकटाच माणूस, आणि तो परगावचा. आमच्यातलं कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. खरं बोलणाऱ्याचा इतका राग आम्हाला आधी कधी आला नव्हता.

दिवेलागणीला चनमल्लप्पा भावाच्या घराकडे निघाला. वाटणी झाल्यापासून तो त्या दारात गेला नव्हता. भांडायला निघाला होता तो. कड्यासाठी विभूती उचलतोस, बापाचं नाव तरी आठवायचं होतंस, असं बरंच काही त्यानं वाटेत जुळवलं होतं.

निंगव्वा पदर सावरून दारात आली. तिच्या मागे खोली दिसत होती, आणि ती रिकामी होती. भांड्यांचं गाठोडं, अंथरुणाचं बोचकं, जातं, सगळं दाराशी आणून ठेवलेलं.

"हे काय?" चनमल्लप्पानं विचारलं.

"सकाळीच सांगून गेलते," निंगव्वा हळू म्हणाली. "जितू न्हायतर हरू, आज रातच्याला अण्णाकडंच जायाचं, सामान बांधून ठेव म्हनले. तुमच्या गोठ्यात गब्ब्याला जागा हाय का, तेवडं कालच बघून आलते म्हनं."

सिद्धप्पा अंगणात गब्ब्याला टेकून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"म्या खोटं बोललो न्हवतो, अण्णा," तो म्हणाला. "माज्या मनानं आपन सकाळीच एक झालो हुतो. बैलं सोडली की तुला सांगनार हुतो."

"मला ठावं न्हवतं."

"मग इचारायचं की. माज्याकडं बघत तर हुतास."

वाटेत जुळवून आणलेलं सगळं चनमल्लप्पा विसरला आणि इतक्या दिवसांचं अडकलेलं तेवढं बाहेर आलं. "तम्मा, घरी चल."

"कुटल्या तोंडानं येऊ?" सिद्धप्पाचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "आदी सासऱ्याम्होरं, आता दोन गावांम्होरं. खोटी विभूती उचलनारा म्हून जलमभर वळखत्याल मला. तुज्या घरात बसलो तर रोज तेच आठवंल, तुला बी आनि मला बी. तू काय चूक बोलला न्हाईस, अण्णा. पर मला आता तितं ऱ्हाता यायाचं न्हाय."

तो उठला आणि एक बोचकं उचलून आत नेऊ लागला. मग दुसरं. चनमल्लप्पा वाटेतून बाजूला सरकला, कारण तो मध्येच उभा होता.

निंगव्वाचे डोळे भरले होते. "भावजी, जेवून तरी जावा. संगं न्यायाचा सैपाक तुमाला धरूनच केलाय."

शर्यतीसाठी म्हणून चनमल्लप्पानं सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं.

"आत्ताच जेवून आलोय की म्या," तो म्हणाला, आणि निघाला.