गुऱ्हाळातला गालिचा

टेंपोतून गालिचा उतरवायला दिग्विजय पुढे झाला, तर गालिच्यावर हात ठेवून बसलेल्या बाई म्हणाल्या, "सावकाश हं. पेशंट आहे."

त्या श्यामलाबाई. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, नदीकाठच्या एका सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या. आषाढातल्या त्या आठवड्यात नदी वर चढली आणि न विचारता त्यांच्या घरात शिरली. कपाटं फुगून उघडेनात, पुस्तकांचा लगदा झाला, लग्नाच्या फोटोंतली माणसं पाण्यानं पुसून गेली. मुलीनं, तनुजानं, त्यांना कोथरूडला आपल्याकडे नेलं. चिखलानं भरलेलं सामान कचऱ्याच्या गाडीत चढलं. गालिचाही चढत होता, तो बाईंनी एका टोकाला धरून खाली ओढला होता.

"आई, अगं कुजलाय तो," तनुजा म्हणाली होती.

"मग कुजलेलाच नेते," असं म्हणून बाई थेट हडपसरजवळच्या मांजरी गावात, गालिचे धुणाऱ्या सत्यशीलाच्या दारात आल्या होत्या.

सत्यशीलानं पदर खोचला आणि गालिच्याची कड उलटून पाहिली. वास घशाशी आला, पण तिनं तोंड फिरवलं नाही. समोरच्या माणसाला काय वाटेल, हे तिला आधी सुचायचं. लोकरीखालचा सुती ताणा करडा पडला होता, अजून तुटत नव्हता. मधल्या डाळिंबी वेलींचा रंग पांढऱ्या किनारीकडे सरकायला लागला होता.

"कुठून घेतला होता, ताई?"

"घेतला नाही. विणला. आमच्या लग्नानंतर यांनी कुठूनसा माग पैदा केला आणि पुढच्या खोलीत उभा केला. पाहुण्यांनी बसायचं कुठे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. संध्याकाळी ऑफिसातून आले की चहा, आणि मग आम्ही दोघं फळीवर शेजारी बसून गाठी मारायचो. शेजारच्यांना वाटायचं, काय गुलुगुलु बोलत असतील. बोलतोय कसलं! मी बोलले की यांचा हिशेब चुकायचा, आणि मग उसवायचं."

त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "दिगंबर गेले. आता घरही गेलं. हा एवढाच उरलाय हो. हाही गेला, तर तिथे कुणी दोन माणसं राहत होती, हे मला तरी कशावरून खरं वाटायचं?"

सत्यशीला सहसा शब्द देत नसे. पाण्यानं मारलेल्या लोकरीचा काय भरवसा! पण त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "वाचेल, ताई. मी वाचवते."

टेंपो वळल्यावर दिग्विजय म्हणाला, "आई, आपण गॅरंटी देत नाही. बोर्डवर लिहिलंय तसं."

"बोर्डवर तू लिहिलंयस," ती हळूच म्हणाली आणि पाण्याचा नळ सोडायला गेली.

त्यांचा कारखाना म्हणजे मूळचं गुऱ्हाळ. चारी बाजूंना ऊस होता तेव्हा सासऱ्यांनी, हिंदुरावांनी, ते बांधलं होतं. ऊस गेला, जमिनीवर उंच इमारती आल्या, गुऱ्हाळाला रस मिळेनासा झाला. तेव्हा सत्यशीलाच्या नवऱ्यानं, रंगरावांनी, मंगल कार्यालयांच्या सतरंज्या धुवायला घेतल्या. सतरंज्यांमागून जाजमं आली, जाजमांमागून शहरातले गालिचे. रंगराव गेल्यावर दिग्विजयनं यंत्रं आणली. पिळून काढणारं एक, आणि हवेतला ओलावा ओढून घेणारी चार. त्यांना सत्यशीला 'पाणी पिणारी मशिनं' म्हणायची. पावसाळ्यात ऊन नसलं तरी चालावं म्हणून दिग्विजयनं गुऱ्हाळाच्या सगळ्या फटी प्लास्टिकनं बंद केल्या होत्या. बाहेरची दमट हवा आत यायला नको, असं त्याचं गणित होतं, आणि ते बरोबरही होतं.

गालिचा धुतला. चिखल निघाला, घाण निघाली, पुन्हा पुन्हा स्वच्छ पाणी दिलं. रंग धरून राहावा म्हणून शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घातलं. यंत्रातून पिळून निघाला तेव्हा डाळिंबी वेली डोळे उघडल्यासारख्या दिसल्या. बांबूच्या ताटीवर तो आडवा पसरला, मशिनं सुरू केली, आणि घटकाभरातच वीज गेली.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग कळलं की रोहित्रातच पाणी गेलंय, आज काही वीज येत नाही, उद्याचंही सांगता येत नाही. जनरेटर सुरू केला, तो खोकला आणि बंद पडला. भाड्यानं मिळतो का म्हणून दिग्विजयनं हडपसरभर फोन लावले. सगळे जनरेटर तळघरांतलं पाणी उपसायला गेले होते.

त्यानं गालिच्यात ओलावा मोजायच्या मापकाची सुई टोचून पाहिली. "आई, सगळा ओलाच आहे गं. बाहेरची हवा तर नुसतं पाणीच. उद्यापर्यंत असाच राहिला तर ताणा सडणार. आणि रंग तर आत्ताच हलतोय."

खरंच हलत होता. पांढऱ्या किनारीच्या कडेला लालसर झाक दिसत होती. सत्यशीलानं पेटीतली आपली जुनी सुती पातळं काढली आणि किनारीवर दाबून बसवली. कोरडं सूत ओल्याला ओढून घेतं. पण पातळं तरी किती पुरणार? तिनं मान वर केली, आणि तिची नजर पलीकडच्या चुलवणावर थांबली.

चुलवण म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी. जमिनीत खणलेली, जाळ घालायचं तोंड भिंतीबाहेर, धुराडं दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये रस उकळायची मोठी काहील. काहील दारातून निघेना म्हणून तिथेच राहिली होती. दिग्विजय तिच्यात रिकामी पोती टाकायचा. गुऱ्हाळ बंद केलं त्या दिवशी हिंदुरावांनी त्या भट्टीवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि निखाऱ्यांवर दूध ओतून म्हणाले, "आता हिला निजू द्या." तेव्हापासून तिथे काडी पेटली नव्हती.

नवी नवरी म्हणून सत्यशीला या घरात आली, तेव्हा ती भट्टी दिवसभर धडधडायची. साखरेचा वास केसांत बसायचा, नहाणं झालं तरी जायचा नाही. पोरं काकवीसाठी वाट्या घेऊन रांगेत उभी असायची. रंगराव काहिलीतली मळी काढत असायचे, अंगावर बनियन, कपाळावर घाम. घरात सासू, जावा, येणीजाणी. बोलायची सोय नव्हती. ते खोबऱ्याची वाटी दोऱ्याला बांधून उकळत्या रसात सोडायचे आणि ती तांब्या घेऊन आली की न बघता तिच्या पदरात टाकायचे. चटका बसायचा. त्यांचा संसार तिथेच, त्या जाळाच्या उजेडात सुरू झाला होता. श्यामलाबाई मागाविषयी सांगत होत्या तेव्हा हिला हेच आठवत होतं, पण परक्या बाईला कसं सांगायचं?

आता मनात आलेलं तिला बोलवेना. दूध ओतून, मानानं निजवलेला अग्नी धंद्याच्या कामासाठी उठवायचा? रोज सकाळी पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय चहाला न शिवणारी ती. तिनं हात धुतले आणि ओसरीवर सासऱ्यांकडे गेली.

"आबा, चुलवण पेटवू का?"

हिंदुरावांनी कानामागे हात धरला. तिनं सगळं सांगितलं. नदी, घर, माग, शेजारी बसून मारलेल्या गाठी.

"सूनबाई, गूळ करायचा हाय का त्यात?"

"नाही आबा. एका बाईचं घर वाळवायचंय."

"मग इचारती काय? मी तिला निजवली, मारली न्हाय." आणि उठायला काठी शोधत म्हणाले, "वलं लाकूड घालू नगा. धूर धरंल. आन् त्या पोराला सांग, वरची फट उघड म्हणावं. वाफ जायाची कुठनं?"

दिग्विजय आधी हबकला. "आई, लोकर आहे ती. जास्त गरम झाली तर आखडेल. ठिणगी उडाली तर संपलंच!"

"जाळ भिंतीबाहेर राहील. आणि काहिलीत वाळू भरू. वाळू एकदम तापत नाही, एकदम निवतही नाही."

तो वर कौलांकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी सगळं बंद करून हवा कोरडी करत होतो, आणि तू म्हणतेस, तापवून वर सोडून द्यायची." आणि तो शिडी आणायला गेला. वाफ निघून जावी म्हणून कौलांमध्ये ठेवलेल्या लांब फटीवरचं प्लास्टिक त्यानं स्वतःच्या हातानं फाडलं. गिलाव्यासाठी आणलेली वाळू घमेल्याघमेल्यानं काहिलीत पडली.

सत्यशीलानं चुलवणाच्या तोंडाशी पणती ठेवली, हात जोडले. काय म्हणावं ते सुचेना. मनातल्या मनात म्हणाली, उठवल्याबद्दल रागावू नकोस, काम चांगलं आहे. मग वाळलेलं बाभळीचं लाकूड आत सारलं. हिंदुराव बाहेर पत्र्याखाली खुर्ची टाकून समोर बसले होते, आणि जाळाचा रंग बघून एकेक ढलपी कमीजास्त करायला सांगत होते. दिग्विजयला ते "पोरा" म्हणत होते. मध्येच एकदा "रंगा" म्हणाले. कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही.

वाळू तापली तशी गुऱ्हाळातली हवा हलली. भिंतीतून कुठूनतरी जुना, जळका गोड वास आला. इतकी वर्षं तो विटांत बसून होता की काय कोण जाणे! सत्यशीलाचे हात पातळावर थांबले. क्षणभर वाटलं, वळून बघितलं तर काहिलीपाशी बनियनमधला माणूस उभा असेल. तिनं वळून बघितलं नाही. पातळ बदललं, कोरडं घातलं, पुन्हा दाबलं.

गालिचा भट्टीपासून लांब ठेवला होता. थोड्या थोड्या वेळानं दोघं मायलेक त्याला उलटत, फिरवत, आणि दिग्विजय सुई टोचून आकडा मोठ्यानं वाचत असे. एकदा जाळ जरा जास्तच चढला, एका टोकाची लोकर हाताला कडक लागली, तेव्हा दोघांनी धावत जाऊन निखारे बाहेर ओढले. सत्यशीलाच्या मनात आलं, दिलेला शब्द आपल्याच हातानं जाळतोय की काय! पण टोक सैल पडलं, लोकर पुन्हा मऊ झाली. मग मंद जाळ, मंद ऊब, आणि वर कौलांतून धाग्याधाग्यानं निघून जाणारी वाफ.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिग्विजयनं सुई टोचली आणि आकडा वाचलाच नाही. नुसता आईकडे बघून हसला.

श्यामलाबाई संध्याकाळच्या आत आल्या. रिक्षातून उतरताना पाय चिखलात गेला तरी थांबल्या नाहीत. गालिचा गुऱ्हाळाच्या मधोमध जमिनीवर पसरला होता. वेली डाळिंबी, पानं हिरवी, सगळं जागच्या जागी. फक्त पांढरी किनार एका बाजूनं गुलाबी झाली होती. पातळांनी बराच रंग ओढला होता, सगळा नाही.

सत्यशीला चाचरत म्हणाली, "ताई, एवढं राहिलं हो. हे निघालं नाही. माझ्याकडून एवढंच झालं."

बाईंनी चष्मा पुसून किनार बघितली. "अहो, इतकं पाणी पिऊन उठलेल्या माणसाचा चेहरा जरा लाल असणारच." मग वाकून लोकरीला नाक लावलं. "वास कसला येतोय? शाळेच्या सहलीला गेल्यासारखा."

"गुळाचा असेल. इथं गुऱ्हाळ होतं."

"बरं झालं. गटारापेक्षा बरा." त्यांचा आवाज मात्र बारीक झाला होता.

दिग्विजय गुंडाळायला चादर घेऊन आला. बाईंनी हात वर केला. "थांबा जरा. कोथरूडला मुलीकडे एवढी जागा नाही हो. तिथे हा पलंगाखाली जाईल. इथे एकदा पूर्ण उघडा आहे तोवर बसू का मी याच्यावर? पाचच मिनिटं."

"बसा की. पाचच का?" सत्यशीला म्हणाली.

बाईंनी चपला बाहेर काढल्या. गालिच्याच्या मध्यावर न बसता त्या उजव्या अंगाला सरकून बसल्या. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी राहिली. पाय पोटाशी घेतले, तळहात लोकरीवर फिरवला, एकदा उलट, एकदा सुलट.

सत्यशीलानं दिग्विजयला डोळ्यांनी खुणावलं आणि दोघं बाहेर आली. दार तिनं अलगद लोटलं. भट्टीच्या तोंडाशी हिंदुराव अजून बसले होते, राखेत काठीनं रेघा ओढत. पाऊस बारीक झाला होता. आतून बाईंचा आवाज येऊ लागला, हळू, मध्ये थांबून थांबून, कुणीतरी उत्तर देत असावं तसा. मध्येच एकदा त्या चक्क हसल्या.

हिंदुरावांनी मान वर केली. "आत कोन बोलतंय गं?"

"त्यांच्या घरातली माणसं आहेत, आबा," सत्यशीला म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकली. "बोलू द्या त्यांना."