दादाने ओढून घेतलेली मीठदाणी

मित्रांनो, मी लाकडाची मीठदाणी आहे. माझे पॉलिश उडाले आहे, झाकणाची भोके काळवंडली आहेत. एका सुताराने खुर्चीच्या पायातून उरलेला तुकडा लेथवर फिरवून मला घडवले. त्याला सगळे दादा म्हणत. तो, त्याची बायको आणि धाकटा भाऊ एकाच टेबलावर जेवत.

घास तोंडात जाण्याआधीच दोघा भावांचे हात माझ्याकडे येत.

"आधी चव तरी बघा!" वहिनी धाकट्याला म्हणायची.

"चव बघायची नसते वहिनी, आणायची असते."

तेव्हा मला मोठा मान वाटे.

दादाचा रक्तदाब वाढलेला पाहून डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावले होते, "मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं. रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो, हृदयाला जोर लावावा लागतो. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस गाफील राहतो." दादाला खरोखरच काही दुखत नव्हते. त्याने ते कानाआड केले.

एका सकाळी काम करताना त्याच्या हातातला रंधा गळून पडला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला. जीभही अडखळू लागली.

मग धाकट्याने तपासून घेतले. त्याचाही रक्तदाब चढलेला निघाला. तरी दादा दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला धाकट्याचा हात सवयीने माझ्याकडे आला. दादाने डाव्या हाताने मला आपल्याकडे ओढून घेतले.

"अरे दादा, मला कुठे काय झालंय?"

दादाने कसेबसे शब्द जुळवले. "मलाही... काही... झालं नव्हतं."

धाकट्याने हात मागे घेतला.

सुरुवातीला तो अळणी भाजी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचा. वहिनीने लिंबू, मिरी, लसूण वाढवले. खारे दाणे, वेफर्सची पाकिटे घरात येईनाशी झाली. काही महिन्यांनी तो मित्राकडे जेवून आला आणि तक्रार करू लागला, "किती खारट करतात हो ते!"

"पूर्वी तुम्ही तिथे वरून मीठ मागायचात," वहिनी म्हणाली.

धाकट्याच्या गोळ्या चालू आहेत आणि त्याचा रक्तदाब उतरला आहे. दादाचा हात तसाच आहे.

मी आता कपाटात असते. कधीतरी टेबलाची आठवण येते. मित्रांनो, मीठ शरीराला लागतेच, पण थोडे. ताटात वरून घेऊ नका आणि घरातल्या मोठ्यांना रक्तदाब तपासायला घेऊन जा. काही दुखत नसले, तरी न्या.