झाकणावरचं कुंकू

मित्रांनो, मी होडीला मागून लावतात ती एक जुनी मोटर आहे. आधीच सांगते, मी दमले आहे. दोन शब्द बोलले की धाप लागते, तेव्हा मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

माझी घडण परदेशातल्या कारखान्यात झाली. ऐन उमेदीची वर्षं रत्नागिरीच्या खाऱ्या पाण्यात गेली. तिथल्या मालकाने नवी मोटर घेतली आणि बजरंग नावाच्या होडीवाल्याने मला विकत घेऊन इकडे नांदेड जिल्ह्यात आणलं. इथं मोटर म्हटलं की लोकांना विहिरीवरचीच आठवते, त्यामुळे सुरुवातीला मला नुसतं बघायला माणसं यायची. बजरंगच्या गावाला मन्याड नदीवरच्या धरणाच्या पाण्याने तीन बाजूंनी वेढलंय. मासे, खताची पोती, शाळेची मुलं, एकदा तर वरातीचा अख्खा बँड मी पलीकडे नेला. तेव्हा माझं कौतुक काय विचारता! मग पूल झाला आणि मी गोठ्यात पडले. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. कोंबड्यांना काय बोलायचं?

यंदा भादव्यात पूल वाहून गेला आणि बजरंगला माझी आठवण झाली. झाली म्हणजे काय, करावीच लागली. त्याची थोरली बहीण धुरपताबाई त्याच्याच घरी राहते. तो तिला आक्का म्हणतो. आक्काच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस करावं लागतं, म्हणजे यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. डायलिसिसची पाळी चुकली की अंगात पाणी साचतं. ते छातीत चढलं तर माणूस हाती लागत नाही. तिला त्या नव्या यंत्रापर्यंत पोचवायचं, एवढंच आता माझं काम होतं.

नवरात्रात आक्काने एक पाळी चुकवली. घट बसलेत, अखंड दिवा सोडून कशी जाऊ, म्हणाली. घरात कुणी फार जोर केला नाही. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांना सुट्टी असते. विळे, कुऱ्हाडी, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा झाली. आक्का भिंत धरत धरत माझ्यापर्यंत आली. तिने हळदीकुंकू कालवून माझ्या टाकीच्या झाकणावर चांगलं जाड लिंपलं आणि वर अक्षता दाबल्या. मला भरून आलं. पण मित्रांनो, त्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. त्यातून वारा आत आला तरच पेट्रोल खाली उतरतं. तेच भोक बुजलं.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही निघालो. दहाच्या आत पोचलं नाही तर पाळी दुसऱ्याला जाणार होती. मी पहिल्याच ओढीला सुरू झाले. पाण्याच्या मध्यावर आलो आणि माझा घसा कोरडा पडला. मी बंद पडले.

बजरंगने वीसदा, तीसदा दोरी ओढली. प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, मग नवाच लावला. निघालेला प्लग कोरडा ठणठणीत होता, त्यावरून पेट्रोल खाली पोचत नाही हे त्याला कळायला हवं होतं. पण टाकी त्याने स्वतः परवा काठोकाठ भरली होती, मग झाकण कशाला उघडायचं? आणि दसऱ्याच्या दिवशी आक्काच्या हातची पूजा कोण खरवडणार? शेवटी त्याने मला शिव्या घातल्या, भंगारात घालतो म्हणाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? वल्हं एकच होतं आणि वारा तोंडावरचा. होडी जागच्या जागी फिरत राहिली. आक्काचा श्वास मला ऐकू येत होता.

तिने इतकंच विचारलं, की पेट्रोल येतं कुठून. बजरंगने वैतागून टाकीकडे बोट दाखवलं. ती झाकणाकडे बघत राहिली.

"बजरंगा, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतंय का नीट?" ती थांबत थांबत म्हणाली. "दुसरं पाडावं लागतंय, वारा जायाला. हितं माझं कुंकू बसलंय बघ."

तिने पदराने झाकण पुसलं आणि साडीची पिन काढून भोक मोकळं केलं. सूं करून वारा आत गेला. तिसऱ्या ओढीला मी सुरू झाले आणि काठ येईपर्यंत थांबले नाही. तरी पाऊण तास उशीर झालाच.

संध्याकाळी दोघं परतले. सणामुळे एक पेशंट आलाच नव्हता, म्हणून आक्काला पाळी मिळाली होती. बजरंग होडीत बसला, पण दोरीला हात लावेना. नर्सने त्याच्यासमोर विचारलं होतं, धाप कधीपासून लागते. आक्काने सांगितलं होतं, घट बसल्यापासून.

"धा दिवस झाले," तो म्हणाला. "एकाच घरात हाव आपण. मला सांगायचं न्हाई का, आक्का?"

"समदे घटाच्या आन् माझ्या पाया पडून जात हुते," आक्का म्हणाली. "इचारलं कुणी?"

बजरंग उठून तिच्या शेजारी जाऊन बसला.

मित्रांनो, पूजा करू नका असं मी म्हणत नाही. म्हातारपणी कुणी ओवाळलं तर बरं वाटतं. पण थकलेली मोटर असो की घरातलं थकलेलं माणूस, नमस्कार झाल्यावर घडीभर जवळ बसा आणि काय होतंय ते विचारा. बजरंग हल्ली रोज सकाळी आधी आक्काच्या अंथरुणाशी बसतो, मग माझ्याकडे येतो. मला उशीर झालेला चालतो.