जाहिरात वाटू नये

मोरीतल्या नळानं घसा खाकरला. आधी नुसती हवा, मग दोन ठसके, मग गढूळ धार बादलीच्या बुडाशी वाजू लागली.

पंचशीला लॅपटॉप तसाच उघडा टाकून उठली. नऊ दिवसांनी पाणी आलं होतं, आणि तेही नेमकं रविवारी दुपारी. पाच वर्षांची मायू झोपलेली, पत्र अर्धं, आणि चारला पाठवायचं. खालून घरमालकीण जगदेवीकाकूंचा आवाज आलाच.

"पंचशीला, आधी पिंप भरून घे ग. तुझ्या ईमेलातनं पाणी येत न्हाई."

"हाव काकू, भरून राहिले."

"आन् पैसा तरी येतोय का?"

"येतोय की आता," ती म्हणाली.

लातुरात आल्यावर दोन वर्षं ती एका क्लासच्या काउंटरवर बसली होती. सकाळी सात ते संध्याकाळी सात. तोवर मायू काकूंकडे. कंधार, देगलूर, किल्लारीहून आया यायच्या, लेकराला डॉक्टर करायचं म्हणून इथं खोली घेऊन राहायच्या. फी भरून झाली की काउंटरला रेलून भलतंच विचारायच्या. छोटा सिलिंडर कुठं मिळतो, पोरगी जेवत न्हाई, नुसती भिंतीकडं बघते, काय करू. त्या उत्तरांचंच तिनं 'खोलीचं पत्र' केलं. दर रविवारी, ईमेलनं, फुकट. मायू झोपली की लिहायचं, उठली की मिटायचं. नावं दोन हजारांवर गेली तेव्हा क्लासच्या उमाशंकर सरांनीच विचारलं, चार रविवार आमच्यासाठी लिहाल का? तुमच्या पगाराएवढे देऊ, जमलं तर पुढंही चालू ठेवू. अट एकच.

"जाहिरात वाटू नये, मॅडम. आईच्या जिवानं लिहा."

तिनं काउंटर सोडला. नांदेडला नोकरीला असलेला तिचा नवरा धम्मानंद फोनवर हसला होता, "सुटलीस म्हण की एकदाची." मायूला तर तिनं शब्दच दिला होता, आता शाळेतून आणायला रोज मीच.

मागच्या रविवारी तिनं आईच्या जिवानं लिहिलं. कंधारची एक आई; तिची लेक परीक्षेत मागं पडली, आईनं वेळेवर बॅच बदलली नाही, आता पस्तावते. अशी कुणी बाई नव्हती. लिहिताना मात्र ती दिसली होती, हातातल्या तडकलेल्या बांगडीसकट, आणि लिहून झाल्यावर पंचशीलाला बरंही वाटलं होतं. चांगलं उतरलं म्हणून.

आज सकाळी त्यावर उत्तर आलं होतं.

'मॅडम, तुमच्या यादीत गुरम्मा हे नाव आहे ती माझी आई. ईमेल माझा आहे. आईला वाचता येत नाही. रविवारी ती भाकरी थापते आणि मी तुमचं पत्र वाचून दाखवते. या वेळी कंधारच्या मावशीचं मी वाचलं नाही. आईनं विचारलं, आज एवढंच का? मी म्हणाले, एवढंच आहे. मी पण दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेय. त्या मावशीच्या मुलीचा नंबर मिळेल का? ती आता काय करते, एवढंच विचारायचंय.'

ते वाचून पंचशीलानं यादी उघडली होती. नावं सगळी आयांची. आणि पुढचे ईमेल? भावी डॉक्टर अमुक, डॉक्टर तमुक, पुढं जन्मसाल. काउंटरवर आया विचारायच्या, "मला कुठला ग बाई ईमेल?" आणि तीच सांगायची, "घरातला कुठलाबी टाका मावशी, चालतंय." निम्म्या यादीत लेकरंच होती. आईसाठी लिहिलेलं मुकाट वाचत होती.

पिंप भरत आलं तसा तिनं सरांना फोन लावला. हात ओले, म्हणून स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला.

"सर, या वेळी वर 'जाहिरात' असं लिहिते. खाली क्लासचं नाव, बॅचची माहिती. गोष्ट नको."

"जाहिरात म्हणलं की कोण वाचतंय, मॅडम? चौकात कागद वाटायला पोरं हायेत की आमच्याकडं."

"लेकरं वाचून राहिलीत सर. आया न्हाईत."

"मग तर चांगलंच की. मागं पडलेल्या लेकरांसाठीच तर बॅच हाय." माणूस वाईट नव्हता. स्वतः तीनदा नापास झाल्याचं सगळ्यांना हसत सांगायचा. "हे बघा, जबरदस्ती न्हाई. जमत नसंल तर राहिलेले तीन रविवार सोडून देऊ. तुमची खुर्ची अजून रिकामीच हाय. उद्या सातला या."

"बरं सर," ती म्हणाली. कशाला बरं म्हणाली ते दोघांनाही कळलं.

पावणेचारला पदराला हात पुसून ती लॅपटॉपसमोर बसली. सिलिंडरचं, डब्याचं, तापाचं सगळं होतं तसं ठेवलं, आणि त्याच्या वर लिहिलं: 'मागच्या पत्रातली कंधारची आई खरी नाही. ती जाहिरात होती, मी पैसे घेऊन लिहिली होती. त्या आईला लेक नाही, म्हणून नंबरही नाही. माझा आहे. तो खाली देते. संध्याकाळी सातनंतर.'

सातनंतर, हे तिनं दोनदा वाचलं. मग पाठवलं.

दाराआडच्या खुंटीवर काउंटरचं ओळखपत्र निळ्या फितीसकट अजून लटकत होतं. तिनं ते काढलं, अंगठ्यानं स्वतःच्या फोटोवरची धूळ पुसली. मोरीत नळ पुन्हा नुसती हवा सोडू लागला होता.

मायू अंथरुणात उठून बसली होती. कधीपासून, कोण जाणे. केस एका गालावर चिकटलेले, नजर खिडकीतल्या फोनवर.

"आई," ती म्हणाली, "मागं पडलेल्या लेकरांना कुठं ठेवतेत?"