टोपीवरचा हात

दोघे अंपायर सख्खे सोडाच, चुलतही भाऊ नव्हते; तरी सॉफ्टबॉलच्या पोरी त्यांना थोरले आणि धाकटे म्हणायच्या. थोरले होम प्लेटमागे, धाकटे पहिल्या बेसजवळ. सोळा वर्षांचा हा संसार. बायको गेल्यापासून थोरल्यांना दुसरा संसार उरलाही नव्हता.

दोघांची खूण ठरलेली होती. थोरल्यांनी निर्णय दिला आणि धाकट्यांना काही वेगळं दिसलं, तर ते टोपीला हात लावायचे. मग थोरल्यांनी विचारायचं. विचारल्याशिवाय धाकट्यांनी तोंड उघडायचं नाही, असा नियमच. बदललेला निर्णय मात्र दोघांचा, आणि शिव्याही निम्म्या निम्म्या.

फायनलच्या शेवटच्या डावात एक पोरगी धाव पुरी करायला घसरत होम प्लेटवर आली. कॅचरनं चेंडूचा हात तिच्या अंगाला लावून टॅग केलं आणि धुळीचा लोट उठला. थोरल्यांनी मूठ उंचावली, "आउट!" मॅच संपली. त्यांनी मान वर केली, तर धाकट्यांचा हात टोपीवर.

विचारायला दोन शब्द पुरले असते. पण समोर स्पर्धा समितीचे सेक्रेटरी बसले होते. महिन्यापूर्वीच त्यांनी चारचौघांत टोमणा मारला होता, "डोळे तपासून घ्या एकदा." थोरल्यांनी पाठ फिरवली आणि ब्रश काढून प्लेट झाडायला घेतली. संपलेल्या मॅचची प्लेट कुणी झाडतं का? हे झाडत बसले. शेजारी ती पोरगी धुळीतच रडत होती.

मॅचनंतर अंपायरांच्या खोलीत सेक्रेटरींनी धाकट्यांना विचारलं, "तुम्हाला काय दिसलं?"

"धुळीत काही दिसलं नाही," धाकटे म्हणाले. थोरल्यांसाठी धडधडीत खोटं बोलले. मग बूट पिशवीत कोंबले आणि पुढच्या रविवारपासून दुसरा जोडीदार मागून घेतला.

त्यानंतर सात महिने थोरल्यांच्या वाट्याला एकाच अंपायरच्या किरकोळ मॅचेस आल्या. परवा एका पोरीनं अर्धवट बॅट फिरवली. "सर, फिरली ना?" कॅचर ओरडली. थोरल्यांना नीट दिसलं नव्हतं. धाकट्यांना विचारायच्या सवयीनं त्यांचा डावा हात पहिल्या बेसकडे गेला. तिथे कुणीच नव्हतं. पोरी फिदीफिदी हसल्या. थोरलेही कसनुसे हसले.

घरी येऊन, बूटही न काढता, त्यांनी फोन लावला.

"फायनलला तुझा हात टोपीवर होता. काय दिसलं होतं तुला?"



"कॅचरच्या हातातून चेंडू सुटला होता. पोरगी सेफ होती, थोरले."

"मी खूण पाहिली होती रे."

"ठाऊक आहे. म्हणून तर गेलो."

धाकट्यांनी फोन ठेवला.

थोरले खोलीच्या मधोमध उभे राहिले. दोन्ही हात पसरून, अगदी मैदानावरच्या आवाजात ओरडले, "सेफ!"

हरकत घ्यायला कुणी नव्हतं.