दुसऱ्या कडव्यातला श्वास

कापितोलिना येगोरोव्नाला, म्हणजे कापाला, गाणी ऐकण्याचाच पगार मिळायचा, पण एकोणीस वर्षांत तिनं गाणं म्हणून असं काही ऐकलंच नव्हतं. सरकारी रेकॉर्ड कंपनीचा तो कारखाना मॉस्कोपासून तासाभरावर. प्रत्येक खेपेतली एक तबकडी तिच्या काचेच्या खोलीत यायची. हेडफोन चढवून ती नुसती खरखर शोधायची आणि कार्डावर 'ठीक' किंवा 'बाद' लिहायची. दिवसभर कुणाशी अवाक्षर बोलावं लागत नसे. नवरा लवकर गेलेला, बहीण लग्न करून ओम्स्कला. घरीसुद्धा बोलायला भिंतीच.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये एमिलिया स्त्राखोवाची तबकडी आली. गाणं साधंच, नदीवरचा बर्फ फुटायची वाट बघणाऱ्या बाईचं. पण दुसऱ्या कडव्यात, ओळ संपायच्या आत, गायिकेनं एक श्वास घेतला होता. जिथं घ्यायचा नाही तिथं. कापानं ते कडवं सात वेळा ऐकलं. 'ठीक' लिहिलं. आणि संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसाला पत्र लिहिलं : "दुसऱ्या कडव्यात तुम्हाला रडू आलं होतं का? चुकत असेन तर माफ करा. मी कारखान्यात ऐकायला असते."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. "त्या सकाळी आई गेल्याची तार आली होती. वाद्यवृंद येऊन बसलेला, स्टुडिओ एकच दिवस मिळालेला. ध्वनिमुद्रक म्हणाला, कुणाच्या लक्षात येणार नाही. आलंही नाही. विचारलंत ते तुम्ही एकटीनं."

मग पत्रं चालू राहिली. कापानं वाळवलेल्या अळंब्या पाठवल्या, तिकडून लोकरीचे मोजे आले. भेट कधीच झाली नाही. दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, पत्र यायचं थांबलं आणि पाठोपाठ वरून हुकूम आला : स्त्राखोवा देश सोडून गेली आहे, तिचा उरलेला सगळा माल वितळवून टाका.

विभागप्रमुख रोदिओन मात्वेयेविचनी तिला बोलावून दार लावून घेतलं. "कापितोलिना येगोरोव्ना, तुमची तिच्याशी ओळख होती म्हणे?"

"ओळख कसली! कधी बघितलंसुद्धा नाही."

"छान. कुणी विचारलं तर हेच सांगा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि काही कागदबिगद असतील तर घरात ठेवू नका."

तिनं सगळी पत्रं जाळली. एखादं तरी ठेवायला हवं होतं, हे राख धुऊन टाकल्यावर सुचलं.

जानेवारीत तेच गाणं पुन्हा तिच्या टेबलावर आलं. वाद्यवृंद तोच, गायिका नवी. आवाज लोण्यासारखा, प्रत्येक श्वास जागच्या जागी. बाद करायला काही कारणच नव्हतं. कापानं 'ठीक' लिहिलं.

वसंतात शेजारच्या क्लावानं तिला चहाला बोलावलं आणि तीच तबकडी लावली. "बघ, तुमच्याच कारखान्यातली! जुनी गाणी ती जुनी गाणी बाई."

"हे ते नाही."

"अगं, तेच तर आहे! ऐकून ऐकून कान गेले की काय तुझे?"

कापा कसंबसं हसली आणि चहा अर्धा टाकून उठली. सोमवारी तिनं बदलीचा अर्ज दिला : पाकिटं भरायच्या विभागात. पगार कमी होता. रोदिओन मात्वेयेविचनी अर्ज दोनदा वाचला, पण काही न विचारता सही केली.

तिथं लांबलचक टेबलाभोवती चौदा बायका तबकड्या पाकिटांत सरकवत बसायच्या. यंत्रांचा एवढा धडधडाट, की प्रत्येकीला ओरडून बोलावं लागे. पहिल्याच दिवशी शेजारच्या धिप्पाड झोयानं कोबीचं सारण भरलेली अर्धी पिरोगी तिच्या हातात कोंबली. "काय गं, निवांत नोकरी सोडून इथं कशाला मरायला आलीस?"

"तिथं बोलायला कुणी नव्हतं."

"मग बोल की!"

झोयानं जरा वाट बघितली आणि मग आपल्या सुनेच्या तक्रारी सुरू केल्या. कापानं स्टूल पुढं ओढलं.